पोको एफ१ वर लाइनेज ओएस टाकायचाय? आधी काय, नंतर काय आणि कुठे थांबायचं

रॉम टाकत होतो आणि फोन लोगोवर अडकला, आता काय करू? असं कोणी विचारलं की मी उलट एकच विचारतो, शेवटचं नीट काय झालं होतं आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. जवळपास दर वेळी तेच निघतं. काम अवघड नसतं, एक पायरी पुरी झाली की नाही हे न बघताच पुढची सुरू केलेली असते. नाहीतर तीन वेगवेगळे व्हिडिओ बघून तिन्हींची खिचडी केलेली असते, एकातली रिकव्हरी (सिस्टिम टाकायचा छोटा मेनू), दुसऱ्यातला रॉम (फोनची अख्खी सिस्टिम) आणि तिसऱ्यातले गॅप्स (गूगलची ॲप).

म्हणून इथे एकच फोन आणि एकच रॉम घेतोय, पोको एफ१ आणि लाइनेज ओएस, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमच्या जागी टाकायची मोफत अँड्रॉइड. २०१८ चा फोन, स्नॅपड्रॅगन ८४५, कंपनीचे अपडेट अँड्रॉइड १० वर थांबले, पण हार्डवेअर अजून दणकट आहे आणि अनेकांच्या घरी ड्रॉवरमध्ये पडून आहे. शिकायला असाच फोन घ्या. दुसरा फोन असेल तरी क्रम बराचसा हाच राहतो, फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

कमांड मी इथे तोंडाने सांगतो तशा लिहिल्यात. टाइप करताना लाइनेजच्या विकीवर तुमच्या मॉडेलचं जे पान आहे तिथली कमांड जशीच्या तशी कॉपी करायची. एक स्पेस चुकली तरी चालत नाही.

१. सुरू करण्याआधी स्वतःला विचारा

घरात हा एकच चालू फोन असेल आणि उद्या सकाळी त्याच्यावरच ओटीपी येणार असेल तर आज हे करू नका. शनिवारी सकाळी करा, रात्री अकराला नाही. आणि बदल्यात काय जाणार आहे हेही आधीच माहीत असू दे. बूटलोडर, म्हणजे फोन चालू करताना सिस्टिम सुरू करणारा आतला प्रोग्राम, उघडा (अनलॉक) असला की गूगलच्या सुरक्षा तपासणीत फोन पूर्ण पास होत नाही, त्यामुळे काही बँकांची ॲप उघडतच नाहीत. तुमच्या बँकेचं ॲप चालेल की नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आज चाललेलं पुढच्या अपडेटनंतर बंद पडू शकतं. काही फोनवर ओटीटीचा व्हिडिओ एचडीत दिसायचा बंद होतो. हे चालणार असेल तर पुढे वाचा.

२. मॉडेलचं कोडनेम, अंदाजाने नाही

प्रत्येक फोनला आतलं एक नाव असतं. पोको एफ१ चं बेरिलियम. फाइल डाउनलोड करताना दुकानातलं नाव बघायचं नाही, हे कोडनेम बघायचं. रेडमी नोट ७ चं लॅव्हेंडर आणि नोट ७ प्रो चं व्हायोलेट, नावात फक्त "प्रो" चा फरक पण आतला प्रोसेसरच वेगळा. रेडमी नोट ४ तर दोन प्रोसेसरमध्ये आला होता, एक स्नॅपड्रॅगनवाला आणि एक मीडियाटेकवाला, डब्यावर नाव तेच.

चुकीची फाइल टाकायला गेलात तर रिकव्हरी बहुतेक वेळा अडवते, हे पॅकेज अमुक फोनसाठी आहे असा एरर देते. तो एरर घालवायला झिपमधली चेक करणारी ओळ काढून टाका असा सल्ला कुठेतरी मिळेल. ऐकू नका! ती ओळ तुमचा फोन वाचवायलाच तिथे आहे.

खात्री: विकीवरच्या पानाचं कोडनेम आणि डाउनलोड केलेल्या झिपच्या नावातलं कोडनेम अक्षर न् अक्षर तेच आहे ना. आणि तुमचं मॉडेल आजच्या तारखेला सपोर्टेड आहे का तेही त्याच पानावर बघून घ्या.

३. बॅकअप, म्हणजे फोनच्या बाहेर

बूटलोडर अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो. फोटो, डाउनलोड, रेकॉर्डिंग, सगळं. "इंटर्नल मेमरीत बॅकअप घेतलाय" म्हणजे बॅकअप घेतलेलाच नाही.

फोटो लॅपटॉपवर कॉपी करा आणि कॉपी झाल्यावर दोन-चार उघडून बघा. कॉन्टॅक्ट गूगलवर सिंक झालेत का ते कॉम्प्युटरवर लॉगिन करून बघा, फोनवर नाही. व्हॉट्सॲपचा ड्राइव्ह बॅकअप घ्या, शिवाय अँड्रॉइडच्या आत मीडिया आणि त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर असतं ते अख्खं लॅपटॉपवर घ्या. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो आत्ता आठवतोय का बघा, नंतर आठवून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त रडवतं ते ऑथेंटिकेटर ॲप. टू फॅक्टरचे कोड देणारं ॲप याच फोनवर असेल तर आधी दुसऱ्या फोनवर ट्रान्सफर करा. यूपीआय नंतर नव्याने रजिस्टर करावं लागेल आणि त्याला त्याच सिमवरून एसएमएस जातो, म्हणजे सिममध्ये बॅलन्स पाहिजे. मेमरी कार्ड असेल तर काढून बाजूला ठेवा.

स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून दोन्ही आयएमईआय नंबर कागदावर लिहून ठेवा. शेवटी तपासायला लागतील.

४. कॉम्प्युटर, केबल, फाइली

माझा भाचा दिवाळीत फोन घेऊन आला होता, दोन तास झाले तरी कमांड मारली की "वेटिंग फॉर एनी डिव्हाइस" एवढंच येत होतं. ड्रायव्हर तीनदा टाकले, विंडोज रीस्टार्ट केलं. शेवटी टीव्हीमागची हार्ड डिस्कची केबल काढून लावली आणि एका सेकंदात फोन दिसला. त्याची केबल नुसती चार्जिंगची होती, डेटाच्या तारा आत नव्हत्याच. म्हणून केबलपासून सुरुवात करा, फोन लावल्यावर लॅपटॉपवर फोटोंचं फोल्डर उघडतंय का बघा, उघडत नसेल तर केबल बदला.

यूएसबी २ चा पोर्ट असेल तर तोच वापरा. रायझन प्रोसेसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर यूएसबी ३ च्या पोर्टला फास्टबूट (कॉम्प्युटरवरून फोनवर फाइली लिहायचा मोड) नीट चालत नाही, तिथे मधे एक साधा यूएसबी २ चा हब लावला की काम होतं.

गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स डाउनलोड करा, एडीबी आणि फास्टबूट, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणारी दोन टूल, दोन्ही त्यात येतात. कुठल्यातरी जुन्या व्हिडिओखालच्या लिंकवरचं छोटं पॅक घेऊ नका, जुन्या एडीबीने साइडलोड, म्हणजे केबलवरून झिप टाकणं, मधेच तुटतं. अनझिप करून सी ड्राइव्हमध्ये सरळ एका फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरच्या नावात स्पेस नको.

मग तीन फाइली. लाइनेजची रिकव्हरी इमेज, लाइनेजची झिप आणि गूगलची ॲप हवी असतील तर गॅप्सची झिप. रिकव्हरी आणि रॉम एकाच पानावरून, एकाच तारखेचे घ्या. गॅप्ससाठी लाइनेज स्वतः माइंड द गॅप्स सुचवतं, आणि गॅप्सचा अँड्रॉइड नंबर रॉमशी जुळलाच पाहिजे. लाइनेज २० म्हणजे अँड्रॉइड १३, २१ म्हणजे १४, २२ म्हणजे १५. इथे एका आकड्याची चूक झाली तरी फोन बूट होत नाही किंवा प्ले सर्व्हिसेस सारख्या क्रॅश होतात. पोको एफ१ ला आर्म ६४ (६४ बिट प्रोसेसर) वाली गॅप्स.

तिन्ही फाइली एडीबीच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि नावं छोटी करा, रिकव्हरी, रॉम, गॅप्स. कोडनेम वर तपासलंच आहे, आता टाइप करताना चुका कमी होतात.

खात्री: लाइनेजच्या डाउनलोड पानावर प्रत्येक फाइलचा शा २५६ नंबर, म्हणजे फाइलचा बोटाचा ठसाच, दिलेला असतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासून असते, तिच्याने आपल्या फाइलचा नंबर काढून जुळवा. निम्म्यात तुटलेलं डाउनलोड इथेच पकडलं जातं. दोन मिनिटांचं काम आहे आणि नेमकं हेच सगळे टाळतात.

५. अनलॉकची परवानगी, आठवडाभर आधी

शाओमी, रेडमी, पोको या तिन्हींमध्ये बूटलोडर लगेच उघडत नाही. सेटिंगमध्ये अबाउट फोन, तिथे एमआययूआय (शाओमीची स्वतःची अँड्रॉइड) व्हर्जनवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन चालू होतात. त्यात ओईएम अनलॉकिंग चालू करा, यूएसबी डीबगिंग चालू करा, आणि मग एमआय अनलॉक स्टेटसमध्ये जाऊन अकाउंट आणि डिव्हाइस जोडा. जोडताना सिम आत पाहिजे आणि वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू.

मग विंडोजवर एमआय अनलॉक टूल उघडून एकदा प्रयत्न करा. ते बहुतेक १६८ तास थांबा म्हणेल, म्हणजे सात दिवस. तारीख आणि वेळ कॅलेंडरमध्ये टाका.

सावधान: या सात दिवसांत एमआय अकाउंटमधून लॉगआउट करू नका, आणि "झालं नाही वाटतं" म्हणून पुन्हा अकाउंट जोडू नका. पुन्हा जोडलं की मोजणी पहिल्यापासून. फोन रोजच्यासारखा वापरत राहा.

हायपरओएस (एमआययूआयनंतरची शाओमीची नवी सिस्टिम) आलेले नवीन फोन असतील तर त्याआधी शाओमी कम्युनिटी ॲपमधून परवानगी मागावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. असा फोन घेताना हे आधी बघून घ्या.

या आठवड्यात अजून एक काम करा. एमआययूआयचे सगळे अपडेट घेऊन फोन अँड्रॉइड १० च्या एमआययूआय १२ वर आणा. लाइनेज टाकल्यावरही मोडेम वगैरेचं फर्मवेअर (ते हार्डवेअर चालवणारा आतला प्रोग्राम) जुन्या एमआययूआयचंच राहतं, ते जुनाट असेल तर रॉम टाकतानाच एरर येतो, नाहीतर नंतर नेटवर्क आणि सेन्सर त्रास देतात.

६. अनलॉक

बॅकअप पुन्हा एकदा ताजा करा, सात दिवसांत नवीन फोटो आलेले असतात. चार्जिंग ६० टक्क्यांच्या वर. फोन बंद करा, व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर एकत्र दाबून धरा, टोपी घातलेला ससा अँड्रॉइडचा रोबो दुरुस्त करतोय असं चित्र येईल. हाच फास्टबूट मोड. केबल लावा, टूलमध्ये अनलॉक दाबा, दोन वेळा विचारेल, हो म्हणा.

फोन पुसला जाईल आणि परत सुरुवातीचं सेटअप येईल. वायफाय, गूगल लॉगिन काही करू नका, सगळं स्किप करत होम स्क्रीनवर या. इथे गूगल अकाउंट टाकलं आणि नंतर रिकव्हरीतून रीसेट मारला तर पुढे जुनं अकाउंट मागणारं लॉक समोर येऊ शकतं.

खात्री: चालू होताना पोकोच्या लोगोखाली अनलॉक्ड असं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर थांबा, पुढची एकही कमांड चालणार नाही.

७. रिकव्हरी टाका आणि फोन सुरू होऊ देऊ नका

ही पायरी मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात.

परत फास्टबूटमध्ये या. पहिली कमांड फास्टबूट डिव्हाइसेस. एक लांब नंबर आणि पुढे फास्टबूट हा शब्द आला तर जोडणी ठीक. काहीच आलं नाही तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसेल, तिथे अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस हा ड्रायव्हर निवडा.

मग फास्टबूट, फ्लॅश, रिकव्हरी आणि रिकव्हरीच्या फाइलचं नाव. दोन ओळींत ओके येतं. पोको एफ१ ला रिकव्हरीची वेगळी जागा आहे म्हणून ही कमांड. बऱ्याच नव्या फोनना ती जागाच नसते, रिकव्हरी बूट किंवा व्हेंडर बूटमध्ये जाते, कधी त्याआधी आणखी एक-दोन फाइली टाकाव्या लागतात. म्हणून म्हटलं, कमांड तुमच्या मॉडेलच्या पानावरची.

ओके आल्यावर लोक फास्टबूट रीबूट मारतात. फोन एमआययूआयमध्ये उघडतो आणि एमआययूआय नव्या रिकव्हरीवर स्वतःची रिकव्हरी परत लिहून टाकतं. मग रिकव्हरी उघडली की एमआयवाली दिसते आणि माणूस म्हणतो फ्लॅशच झालं नाही. झालं होतं, पुसलं गेलं. म्हणून ओके आलं की केबल काढा, पॉवर धरून ठेवा आणि स्क्रीन काळी होताच लगेच व्हॉल्यूम अप आणि पॉवर दोन्ही धरा, लोगो येईपर्यंत. बोटं उशिरा पडली आणि एमआययूआय उघडायला लागलं तर काही बिघडत नाही, परत फास्टबूटमध्ये जाऊन कमांड पुन्हा मारा.

खात्री: वर लाइनेजचं तीन गोलांचं चिन्ह आणि खाली अप्लाय अपडेट, फॅक्टरी रीसेट असे पर्याय दिसताहेत. एमआय लिहिलेलं दिसत असेल तर ही पायरी परत.

८. आधी फॉरमॅट, मग रॉम

फॅक्टरी रीसेटमध्ये जाऊन फॉरमॅट डेटा करा. अनलॉकच्या वेळी पुसलंय ना, मग परत कशाला, असं वाटतं. पण त्यानंतर एमआययूआय एकदा चालू झालं आणि त्याने डेटाची जागा स्वतःच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केली. ती लाइनेजला वाचता येत नाही. हे राहिलं की फोन लोगोवर फिरत बसतो. रॉम टाकून झाल्यावर अडकलेल्यांना मी पहिलं हेच करायला सांगतो.

फॉरमॅट डेटा एवढंच. दुसऱ्या कुठल्या रिकव्हरीत पार्टिशनची यादी आली तर सगळ्यांवर टिक मारत सुटू नका, पर्सिस्ट किंवा ईएफएस असं काही दिसलं तर हात लावायचा नाही. सेन्सरचं कॅलिब्रेशन आणि आयएमईआय असल्या गोष्टी तिथे असतात, गेल्या की सहजासहजी परत येत नाहीत.

९. साइडलोड

मुख्य मेनूत परत या, अप्लाय अपडेट, मग अप्लाय फ्रॉम एडीबी. केबल लावा. कॉम्प्युटरवर एडीबी डिव्हाइसेस मारलं की नंबरापुढे साइडलोड दिसलं पाहिजे. आता एडीबी, साइडलोड, स्पेस, रॉमच्या झिपचं नाव.

कॉम्प्युटरवर टक्के चढत जातात आणि ४७ वर येऊन थांबतात. भाच्याने इथेच केबल उपटली होती, अडकलं म्हणून. तेव्हा फोनवर रॉम निम्मा लिहून झाला होता. ४७ ला थांबणं नेहमीचं आहे, पूर्ण झाल्यावरही कॉम्प्युटर कधी कधी ४७ वरच राहतो आणि वर "फेल्ड टू रीड कमांड, सक्सेस" असली गोंधळात टाकणारी ओळ देतो. ती फेल्ड बघून घाबरू नका. कॉम्प्युटरकडे बघायचंच नाही, फोनच्या स्क्रीनकडे बघायचं, तिथे काय लिहून येतंय ते खरं.

खरंच मधे तुटलं, केबल हलली, लाइट गेली, तरी फोन मेलेला नसतो. रिकव्हरीत परत जा, फॉरमॅट डेटा, परत साइडलोड. भाच्याचा फोनही तसाच दुसऱ्या खेपेला उभा राहिला.

१०. गॅप्स, पहिल्यांदा चालू करण्याआधीच

रॉम झाला की रीबूट सिस्टिमवर बोट जातंच, थांबा. गूगल प्ले हवं असेल तर आत्ताच. एकदा फोन गॅप्सशिवाय सुरू झाला आणि मग टाकले तर परवानग्यांचा गोंधळ होऊन एकामागून एक क्रॅश येतात, मग फॉरमॅटपासून सगळं परत.

पुन्हा अप्लाय फ्रॉम एडीबी, पुन्हा साइडलोड, या वेळी गॅप्सची झिप. फोनवर सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड असं येईल, तरी टाकू का विचारेल, यस म्हणा. गॅप्सवर लाइनेजची सही नसते म्हणून तो मेसेज. पण हाच मेसेज रॉमच्या झिपला आला तर यस म्हणू नका, ती फाइल लाइनेजच्या पानावरून आलेली नाही किंवा खराब आहे.

ज्या फोनला ए आणि बी असे दोन स्लॉट असतात त्यांना रॉम आणि गॅप्सच्या मधे एकदा रिकव्हरी रीबूट करावी लागते, नाहीतर गॅप्स जुन्या स्लॉटमध्ये जातात. पोको एफ१ ला स्लॉट नाहीत, सलग टाका.

११. पहिलं बूट

आता रीबूट सिस्टिम. गोल फिरत राहतील, पाच मिनिटं, दहा मिनिटं. फोन खाली ठेवा. पंधरा मिनिटं होऊन गेली तरी फिरतच असेल तर काहीतरी चुकलंय, परत रिकव्हरी, फॉरमॅट, रॉम, गॅप्स याच क्रमाने.

चालू झाला की सगळी ॲप टाकत बसण्याआधी एवढं तपासा. दोन्ही आयएमईआय कागदाशी जुळतात का. फोन लागतो का, येतो का. जिओचं सिम असेल तर फोर जी कॉलिंग चालू आहे का नीट बघा, व्होएलटीई नसेल तर जिओवर साधा कॉलही लागणार नाही. मग कॅमेरा पुढचा मागचा, फिंगरप्रिंट, ब्लूटूथ आणि गच्चीत जाऊन जीपीएस. काही चालत नसेल तर आत्ताच परत टाकणं सोपं आहे, आठवड्याने सगळा डेटा भरल्यावर नको वाटतं.

१२. यानंतर कधीच करायचं नाही

लाइनेज टाकलेलं असताना बूटलोडर परत लॉक करू नका. बँकेचं ॲप चालेल म्हणून लोक हे करतात. लॉक केलेला बूटलोडर कंपनीचीच सही शोधतो, ती नसली की फोन उघडत नाही, आणि मग शाओमीचा खालच्या पातळीवरचा ईडीएल मोड वापरायलाही अधिकृत अकाउंट लागतं.

मूळ एमआययूआयवर परत जायचं असेल तर एमआय फ्लॅश टूलमध्ये खाली कोपऱ्यात पर्याय असतात, तिथे आधीपासून "क्लीन ऑल अँड लॉक" निवडलेलं असतं. ते बदलून "क्लीन ऑल" करा, प्रत्येक वेळी. आणि आहे त्यापेक्षा जुनं एमआययूआय टाकण्याआधी फास्टबूटमध्ये अँटी रोलबॅकचा, म्हणजे जुनं व्हर्जन अडवणाऱ्या संरक्षणाचा, आकडा बघा. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो वाल्या कितीतरी लोकांनी जुनं व्हर्जन परत टाकलं आणि फोन दगड झाले, कारण तो आकडा बघितला नव्हता.

पुढचे अपडेट फोनच्या सेटिंगमधल्या अपडेटरमधूनच येतात, ते नेहमीसारखे घ्या, गॅप्स जागेवर राहतात. पण लाइनेजचा मोठा आकडा बदलत असेल, २१ वरून २२ वगैरे, तर अपडेटरमधून होत नाही. त्यासाठी मॉडेलच्या पानावर अपग्रेडचं वेगळं पान असतं, ते उघडा, बॅकअप घ्या आणि नव्या रॉमबरोबर नव्या आकड्याचे गॅप्स त्याच बैठकीत, पहिल्या बूटच्या आधी साइडलोड करा.